पेट्रोलमध्ये शिसं कुणी घातलं?

घरात कुणाला नव्वदच्या दशकातले पेट्रोल पंप आठवत असतील तर विचारून बघा, ‘अनलेडेड’ असं वेगळं लिहिलेलं असायचं. म्हणजे बाकीच्या पेट्रोलमध्ये लेड, आपलं शिसं, असायचं. मुद्दाम घातलेलं. आजचा एपिसोड त्यावरच.

आधी इंजिनात डोकावू. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते, स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. दाब जास्त असला, की ज्योत पोहोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. खटखट आवाज, ताकद वाया, पिस्टनची वाट. हेच नॉकिंग.

1921 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीला उपाय सापडला: टेट्राएथिल लेड. गॅलनमागे साधारण 3 ग्रॅम टाकलं की काम झालं. अल्कोहोलनेही नॉकिंग थांबतं, हे त्याच टीमला माहीत होतं. पण अल्कोहोल बरंच मिसळावं लागतं, आणि दारूसारख्या जुन्या गोष्टीवर मक्तेदारी कशी मिळवणार? नवं मिश्रण ‘एथिल’ नावाने विकायला आलं. नावात शिसं कुठेच नाही!

आता गंमत अशी की शिसं हे मूलद्रव्य आहे, ते जळून नाहीसं होत नाही. त्याचा थर व्हॉल्व्हवर, प्लगवर साचायचा. म्हणून त्यात ब्रोमिनचं एक संयुग घातलं, म्हणजे शिसं त्याच्याशी जोडलं जाऊन धुराबरोबर बाहेर. मला या सगळ्यात हेच सर्वात जास्त खटकतं. इंजिन स्वच्छ राहावं म्हणून विष हवेत सोडायची सोय डिझाइनमध्येच केली होती. आमच्या भाषेत, आपल्या सर्व्हरवरचा कचरा शेजाऱ्याच्या सर्व्हरवर टाकणारा पॅच.

1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन हाताळणारे 5 कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. मिजलीने पत्रकारांसमोर त्याच रसायनाने हात धुतले, वास घेऊन दाखवला. त्याआधी त्याला स्वतःला शिशाची बाधा होऊन सुट्टी घ्यावी लागली होती, ते मात्र सांगितलं नाही. 1925 मध्ये विक्री थांबली, 1926 मध्ये परत सुरू.

पुढे क्लेअर पॅटरसन हा शास्त्रज्ञ पृथ्वीचं वय मोजत होता. त्यासाठी दगडातलं शिसं मोजायचं, तर प्रत्येक नमुन्यात बाहेरचं शिसं घुसायचं. 1956 मध्ये त्याने वय काढलं, सुमारे 455 कोटी वर्षं, आणि मग हे शिसं येतं कुठून याच्या मागे लागला. लहान मुलांच्या मेंदूला शिसं बाधतं, आणि सुरक्षित म्हणावी अशी मात्राच नाही, हे आज आपल्याला माहीत आहे.

तरी अमेरिकेत 1975 च्या आसपास अनलेडेड पेट्रोल सगळीकडे मिळू लागलं ते मुख्यतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी. शिशाने त्यातलं प्लॅटिनम निकामी होतं. म्हणजे शिसं आलं इंजिनासाठी, आणि निघायला लागलं तेही एका पार्टसाठी. आपल्याकडेही तेच: 1995 मध्ये मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांबरोबर अनलेडेड आलं, आणि 2000 मध्ये देशभर.

शेवटचा देश अल्जेरिया, 2021. पण हे फक्त रस्त्यावरच्या गाड्यांपुरतं. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत घालतात त्या पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड अजून आहे.