रीसेट केलेला फोन जुने खाते मागतो तेव्हा

पॅटर्न आठवत नाही, फोन वारंवार अडकतो, किंवा घरातील लहानग्याने खेळता खेळता दहा वेळा चुकीचा पिन दाबून ठेवला आहे, अशा वेळी आपल्याकडे एकच रामबाण उपाय सांगितला जातो: 'रीसेट मारा.' नोकियाच्या जमान्यात हा सल्ला बिनधोक होता. त्या फोनांचा कारखान्यातून आलेला सुरक्षा-क्रमांक बहुधा १२३४५ असे आणि तो गल्लीतल्या दुकानदारालाही पाठ असे. अँड्रॉइडच्या पहिल्या काही वर्षांतही बंद फोनचे पॉवर आणि आवाजाचे बटण एकत्र दाबून धरले की रिकव्हरीचा पडदा उघडे, आतील सारे पुसले जाई आणि फोन नव्यासारखा कोरा होऊन हाती येई.

आज तोच उपाय केला तर फोन कोरा होतो खरा, परंतु उघडत नाही. भाषा निवडून झाली, वाय-फाय जोडले गेले, की एक पडदा समोर येतो आणि तेथून पुढे सरकत नाही. या फोनवर पूर्वी जे गूगल खाते होते त्याचा पत्ता व पासवर्ड द्या, अथवा पूर्वीचा पिन वा पॅटर्न टाका, अशी त्याची मागणी असते. पिन विसरला म्हणूनच रीसेट केलेले असल्याने दुसरा पर्याय बाद होतो. राहते ते खाते. आणि ते आपण कधी व कोणत्या नावाने उघडले, हेच अनेकांना सांगता येत नाही.

या व्यवस्थेचे नाव 'फॅक्टरी रीसेट प्रोटेक्शन', म्हणजे थोडक्यात एफआरपी. तिचा उगम ग्राहकांच्या विसरभोळेपणात नसून अमेरिकेतील रस्त्यांवरच्या चोऱ्यांत आहे. न्यूयॉर्कचे तत्कालीन ॲटर्नी जनरल एरिक श्नायडरमन आणि सॅन फ्रान्सिस्कोचे जिल्हा सरकारी वकील जॉर्ज गॅस्कॉन यांनी २०१३ मध्ये फोन-कंपन्यांकडे आग्रह धरला की, चोरलेला फोन चोराच्या दृष्टीने निरुपयोगी झाला पाहिजे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ॲपलने आयओएस ७ बरोबर 'ॲक्टिव्हेशन लॉक' आणले. कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी ऑगस्ट २०१४ मध्ये तशी सक्ती करणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली व तो १ जुलै २०१५ पासून अमलात आला. दरम्यान मार्च २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ मधून गूगलनेही आपले कुलूप बसवले. आयफोनच्या जबरी चोऱ्या वर्षभरात सॅन फ्रान्सिस्कोत ४० टक्क्यांनी आणि न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी घटल्याचे तेथील अधिकाऱ्यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर केले होते. कुलूप उपयोगी आहे, याविषयी वाद नाही. अडचण इतकीच की, बटणे दाबून फोन पुसणारा हात चोराचा की मालकाचा, हे फोनला कळत नाही.

कुलूप असते कोठे?

फोनच्या साठवणुकीचे अनेक कप्पे असतात. छायाचित्रे, संदेश, ॲप्स हे सारे वापरकर्त्याच्या कप्प्यात राहते आणि रिकव्हरीतून केलेला रीसेट तोच कप्पा रिकामा करतो. गूगल खाते जोडलेले असेल आणि पडद्याला पिन, पॅटर्न वा पासवर्ड लावलेला असेल, तर मालकीची एक खूण दुसऱ्या, अगदी लहान अशा कप्प्यात लिहिली जाते. रीसेट त्या कप्प्याला हात लावत नाही. म्हणून दहा वेळा रीसेट केला तरी अकराव्या वेळी तोच पडदा दिसतो. सिमकार्ड बदलूनही फरक पडत नाही.

याउलट चालू फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, पिन टाकून केलेल्या रीसेटमध्ये ही खूण बहुतेक फोनांवर पुसली जाते, कारण पिन देणारा मालकच असणार असे गृहीत धरले जाते. एकाच नावाच्या या दोन क्रिया आहेत आणि त्यांचे परिणाम मात्र परस्परविरुद्ध आहेत. सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

त्यामुळे पिन विसरलेला फोन अद्याप पुसला नसेल, तर थोडे थांबावे. दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर आपले गूगल खाते उघडते का, हे आधी पाहावे. ते उघडत असेल तर रीसेटची भीती नाही. उघडत नसेल, तर आधी खाते आणि मग फोन, हा क्रम मोडू नये. रीसेटने मिटलेला मजकूर पुढे कुलूप निघाले तरी परत येत नाही, हेही ध्यानात असावे. अलीकडच्या फोनांतील माहिती सांकेतिक रूपात साठवलेली असते आणि रीसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते. गूगलकडे ज्याची प्रत आधी ठेवली गेली होती तेवढेच, म्हणजे संपर्क, चढवलेली छायाचित्रे इत्यादी, खात्याबरोबर परत मिळते.

खाते परत मिळवताना

पहिला प्रश्न पत्त्याचा. गूगलच्या प्रवेश-पानावर 'ईमेल विसरलात?' असा दुवा असतो. तेथे मोबाइल क्रमांक किंवा पर्यायी ईमेल आणि खात्यावरील नाव दिले की त्या क्रमांकाशी जोडलेली खाती दिसतात. नाव नेमके कसे लिहिले होते, हे येथे महत्त्वाचे ठरते. आडनावाशिवाय नुसते 'सुनीता', वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, अशी रूपे करून पाहावी लागतात. पूर्वी ज्यांना आपण ईमेल पाठवला होता अशा नातेवाइकाच्या अथवा बँकेच्या शाखेच्या नोंदीतही तो पत्ता सापडू शकतो.

दुसरा प्रश्न पासवर्डचा. घरातील संगणकावर क्रोममध्ये हे खाते कधी वापरले असेल, तर पासवर्ड तेथे जतन केलेला असण्याची शक्यता असते. नसल्यास गूगलच्या खाते-पुनर्प्राप्तीच्या पानावर जावे लागते. येथे अनेकजण सायबर कॅफेतून किंवा मित्राच्या कार्यालयातून प्रयत्न करतात आणि नकार पदरात घेऊन परततात. ज्या उपकरणावरून, ज्या ब्राउझरमधून आणि ज्या ठिकाणाहून ते खाते पूर्वी उघडले जात असे, तेथूनच अर्ज करावा, असे गूगल सांगते. घरचे वाय-फाय असेल तर तेच वापरावे. जुना पासवर्ड विचारला असता प्रश्न सोडून न देता आठवेल तो, जवळात जवळचा लिहावा. नक्की आठवत नसला तरी प्रयत्न करावा. पुनर्प्राप्तीचा क्रमांक अलीकडेच बदलला गेला असेल, तर बदलानंतर सात दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावरूनही ओळख पटवता येऊ शकते. चोराने खाते बळकावले असता हा आठवडा फार मोलाचा असतो. उत्तर काही वेळा लगेच येते, काही वेळा तास वा दिवस थांबावे लागते. घाईघाईने एकामागून एक अर्ज केल्याने काम लांबते.

ओळख पटवण्याचा आकडा जर त्या अडकलेल्या फोनवरच येणार असेल, तर सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावे. लघुसंदेश तेथे मिळेल. सिम हरवले असेल तर कंपनीच्या दालनातून त्याच क्रमांकाचे नवे सिम घ्यावे लागते. मात्र सिम बदलल्यावर सुमारे २४ तास त्यावर लघुसंदेशांची देवाणघेवाण बंद ठेवली जाते. हा दोष नसून फसवणूक रोखण्यासाठी घातलेला नियम आहे. तेवढा काळ जाऊ द्यावा. आठ अंकी दहा क्रमांकांची 'बॅकअप कोड' यादी पूर्वी काढून कागदावर ठेवली असेल, तर यातले काहीच करावे लागत नाही. अशी यादी काढून ठेवणारे थोडे आणि ती सापडणारे त्याहून थोडे.

नवा पासवर्ड मिळाला म्हणजे फोन तत्क्षणी उघडेल असेही नाही. पासवर्ड नुकताच बदललेला असेल तर २४ तास जाऊ द्यावेत, अशी गूगलची सूचना आहे. (आरंभीच्या काळात ही मुदत ७२ तासांची होती आणि तोच आकडा अजून अनेकांच्या तोंडी आहे.) फोनवर एकाहून अधिक खाती असतील तर त्यांपैकी कोणतेही एक चालते. अडकलेला फोन कोणत्या खात्याचा, याविषयी संभ्रम असेल, तर खात्याच्या सुरक्षा विभागातील 'तुमची उपकरणे' ही यादी पाहावी. फोनचे नाव तेथे दिसले की खाते बरोबर आहे असे समजावे.

दुकानात उघडलेले खाते

आपल्याकडील प्रकरणांत वारंवार आढळणारा एक प्रकार गूगलच्या कोणत्याही सूचनापत्रात नाही. तालुक्याच्या गावी वडिलांनी पहिला स्मार्टफोन घेतला. खाते हवे म्हणताच दुकानातील मुलाने दोन मिनिटांत ते उघडून दिले. पत्ता त्याने सुचवला, पासवर्ड त्यानेच टाकला, पडताळणीसाठी क्रमांक कधी वडिलांचा दिला तर कधी हाताशी असलेला दुकानाचा. वडिलांना खाते असल्याचेच ठाऊक नाही. तीन वर्षांनी पुण्याहून आलेला मुलगा फोन 'साफ' करून देतो आणि त्या पडद्यासमोर बापलेक एकमेकांकडे पाहत बसतात.

अशा वेळी वडिलांच्या क्रमांकावरून खाते शोधणे हा पहिला मार्ग. तो निष्फळ ठरल्यास पावती घेऊन त्या दुकानात जाणे आणि त्यांनी दिलेल्या क्रमांकावर ओळख-आकडा मागवणे हा दुसरा. तेही न साधल्यास फोन-कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे जावे. गूगल कोणाचा फोन स्वतः उघडून देत नाही. काही कंपन्यांची केंद्रे मात्र खरेदीची मूळ पावती, मालकाचे ओळखपत्र आणि पावतीशी जुळणारा आयएमईआय क्रमांक पाहून कुलूप काढून देतात. प्रत्येक कंपनीचा नियम निराळा असल्याने आधी दूरध्वनीवरून विचारलेले बरे. पावतीवर आयएमईआय लिहिलेला नसेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. फोन घेतेवेळी तो आकडा पावतीवर लिहून घेण्याचा आग्रह आपण धरत नाही, त्याची किंमत येथे मोजावी लागते.

फोन नोकरीच्या ठिकाणाहून मिळालेला असेल आणि त्यावर संस्थेचे खाते असेल, तर अधिकार त्या संस्थेच्या संगणक विभागाकडे असतो. हप्त्यावर घेतलेला फोन हप्ता थकल्याने बंद झाला असेल, तर तो प्रकार वेगळाच. त्याचा एफआरपीशी संबंध नसून तो कर्ज देणाऱ्याशी बोलूनच मिटवावा लागतो.

आयफोनची रीत थोडी निराळी आहे. तेथे खाते ॲपलचे असते आणि मालक दुसऱ्या गावी असला तरी आयक्लाउडच्या संकेतस्थळावरून तो फोन आपल्या खात्यातून वगळू शकतो. कुलूप दूर बसून निघते. मूळ खरेदीची कागदपत्रे असल्यास ॲपलकडे थेट अर्जही करता येतो, परंतु फोन 'हरवला' अशी नोंद झालेली नसावी लागते. मृत व्यक्तीच्या आयफोनसाठी डिसेंबर २०२१ पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट'ची सोय आहे. मात्र ती व्यक्ती हयात असताना तिने तसे नाव नोंदवलेले असले पाहिजे.

युक्त्या आणि 'अनलॉक'वाले

इंटरनेटवर कुलूप चुकवण्याच्या चित्रफिती ढिगाने आहेत. कीबोर्डच्या सेटिंगमधून ब्राउझर उघडणे, आपत्कालीन कॉलच्या पडद्यातून वाट काढणे इत्यादी. त्या सुरक्षा-व्यवस्थेतील चुकांवर आधारलेल्या असतात आणि चुका दुरुस्त होताच निकामी होतात. २०२४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १५ ने तर नवीन खाते जोडणे, नवा पिन ठेवणे आणि नवी ॲप्स घालणे या तिन्ही गोष्टी, मूळ मालकाची खात्री पटेपर्यंत रोखल्या. या चित्रफितींतून डाउनलोड करायला सांगितलेली ॲप्स कोणी बनवली, याचा पत्ता नसतो आणि ज्या फोनवर उद्या बँकेचे व्यवहार होणार त्यावर ती घातली जातात. शंभर-दोनशे रुपयांत 'अनलॉक' करून देणारा पावती विचारत नसेल, तर तो इतरांनाही विचारत नसणार, हे उघड आहे.

जुना फोन घेणाऱ्यांनी अधिक सावध राहिले पाहिजे. कुलूपबंद फोन विक्रेत्याने समोर बसून, स्वतःचे खाते टाकून उघडून दाखवावा. 'घरी जाऊन उघडून घ्या' म्हणणाऱ्याकडून तो घेऊ नये. चोरीचा माल आहे असे मानण्यास सबळ कारण असतानाही तो अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की आयएमईआय दिसतो. रोमन अक्षरांत 'केवायएम' लिहून, एक जागा सोडून तो पंधरा अंकी क्रमांक १४४२२ वर पाठवला की फोनची स्थिती कळते. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावरही तीच सोय आहे. हरवलेल्या फोनांचे आयएमईआय रोखणाऱ्या या केंद्रीय नोंदवहीचा, सीईआयआरचा, प्रारंभ सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच झाला होता. देशभर ती मे २०२३ मध्ये लागू झाली. तिने रोखलेल्या फोनला मोबाइलचे जाळे मिळत नाही. गूगलच्या कुलुपाशी तिचा संबंध नाही. एक निघाले म्हणून दुसरे निघत नाही, तेव्हा दोन्ही तपासावीत.

आपला फोन दुसऱ्याला देताना सेटिंग्जमधील खात्यांच्या यादीतून गूगलचे प्रत्येक खाते, तसेच सॅमसंग वा शाओमीचे वेगळे खाते असल्यास तेही, आधी काढावे. मग पडद्याचा पिन काढावा आणि त्यानंतर सेटिंग्जमधूनच रीसेट करावा. फोन पुन्हा सुरू होऊन पहिल्या पडद्यावर कोणतेही जुने खाते मागत नाही, एवढे पाहूनच तो घेणाऱ्याच्या हाती द्यावा.