कुंपण धुण्याची वेळ कशी आली

गाड्या धुण्याचे प्रेशर मशीन आता घराच्या कुंपणालाही लावले जाते. पावसाळा ओसरला की फळ्यांवर हिरवे-काळे थर दिसतात, बांबूच्या पेरांत बुरशी धरते आणि घरमालक पाण्याचा झोत सोडतो. याचे कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : हवा दमट म्हणून शेवाळ, शेवाळ म्हणून धुणे. नंदुरबार जिल्ह्यापुरते हे उत्तर मला अपुरे वाटते. इथली हवा वर्षातले चार महिने दमट आणि उरलेले आठ महिने कोरडी असते. नवापूर आणि अक्राणीचा डोंगराळ पट्टा पावसाचा, तर शहादा-नंदुरबारचा तापीकाठ त्या मानाने कोरडा. हा पाऊस काही नवा नाही. तो शंभर वर्षांपूर्वीही पडत होता आणि शेवाळही धरत होते. तरी कुंपण धुण्याची चाल इथे नव्हती. म्हणून धुण्याचे मूळ पावसात शोधण्यापेक्षा कुंपण कशाचे होते आणि ते सामान कोणाच्या ताब्यात होते, हे पाहिले पाहिजे. माझे म्हणणे असे की धुण्याची गरज हवामानाइतकीच जंगलाच्या कायद्यातून आली.

सपाटीवरच्या गावांत शेताला वई असे ती बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांची. परसाला पऱ्हाट्या किंवा तुराट्या उभ्या रोवायच्या, बांधावर शेर नाहीतर निवडुंग लावायचा. सातपुड्यात पावरा आणि भिलांची घरे एकमेकांना चिकटून नसत. प्रत्येक घर आपापल्या शेतात असे आणि त्याच्या भिंतीला, अंगणाला, गुरांच्या गोठ्याला बांबूचा कुड लागे. इथला मुख्य बांबू मानवेल : भरीव, चिवट, दगडाळ उतारावरही वाढणारा. त्याची एक खोड अशी की कसलाही उपाय न करता जमिनीत रोवला तर बूड दोन-तीन पावसाळ्यांत कुजते. आतल्या पिष्टावर घुण येतो आणि मातीतून ओल चढते. यावरचे दोन जुने उपाय भारतभर माहीत आहेत : पावसाळा संपल्यावर, थंडीत तोडणे, आणि तोडलेला बांबू काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवणे, म्हणजे पिष्ट धुऊन जाते. अमावास्येच्या सुमाराला तोडलेल्या बांबूला घुण लागत नाही असेही सांगतात. चंद्राचे राहू द्या, पण ऋतूचा भाग पक्का आहे : थंडीत बांबूत पिष्ट कमी असते. एवढे करूनही कुड कायमचा टिकत नसे, आणि तो टिकावा अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. कुजलेली खुंटी काढायची, चुलीत घालायची, नवी रोवायची. दमटपणाशी झुंजायची रीत म्हणजे बदलणे. ज्या कुडाचे तुकडे दोन-तीन वर्षांत पालटतात त्यावर शेवाळ आले काय आणि न आले काय.

या रीतीला एकच अट होती : बांबू हाताशी आणि फुकट असणे. ती अट मोडली ती एकोणिसाव्या शतकात. नवापूरला लागून असलेल्या डांगची जंगले इंग्रजांनी १८४० च्या दशकात भिल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतली. नजर सागावर होती, कारण मुंबईच्या जहाजबांधणीला इमारती लाकूड हवे होते. पुढे १८७८ च्या भारतीय वन कायद्याने जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली, आणि खानदेशही त्यातून सुटला नाही. त्या कायद्याने झाडाच्या व्याख्येत बांबू घातला आणि १९२७ च्या कायद्याने ती व्याख्या तशीच पुढे चालवली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवत आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो झाड झाला, तोडला की इमारती लाकूड झाला, आणि वाहून नेला की परवान्याचा माल झाला. आता कुडाची खुंटी बदलणे हे घरकाम राहिले नाही. ते वनरक्षकाच्या मर्जीचे प्रकरण झाले, आणि मर्जीची किंमत नेहमीच रुपयांत मोजता येते असे नाही.

यावर पहिला आक्षेप असा की अक्कलकुव्याकडचा मोठा मुलूख मेवासी जहागिऱ्यांचा होता, तिथे इंग्रजांचा अंमल थेट नव्हता. हे खरे आहे. पण ती जंगलेही अखेर वनखात्याकडेच आली. तळोद्याच्या मेवासी वनविभागाच्या नावात ती जहागिरी अजून शिल्लक आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : लोकांना मोकळी तोड करू दिली असती तर जंगल उरले असते का? सागाबद्दल हा प्रश्न रास्त आहे. बांबूचे गणित वेगळे. मानवेलीचे बेट दर पावसाळ्यात नवे कोंब काढते. दोन-तीन वर्षांचे पक्के बांबू काढून कोवळे राखले तर बेट मरत नाही, उलट मोकळे होऊन जोमाने वाढते. कुडासाठी पक्काच बांबू लागतो, कोवळ्याला घुण आधी लागतो, म्हणजे घराची गरज आणि बेटाचे हित इथे एकाच बाजूला होते. ज्या खात्याने खुंटीसाठी परवाना मागितला, त्याच व्यवस्थेने स्वातंत्र्यानंतर देशभर कागद कारखान्यांना बांबू स्वस्तात दिला. नवापूरच्या सीमेपलीकडे सोनगडला सेंट्रल पल्प मिल उभी राहिली, ती डांगच्या बांबूच्या भरवशावर. बेटे रिकामी होण्याचा दोष कुडावर टाकणे मला पटत नाही.

तिसरा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. सपाटीवर पऱ्हाट्या आणि बाभळीच्या काट्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या होत्या, त्यांवर कोणाचा परवाना नव्हता. तरी तिथली वई गेलीच. तिथे मजुरी वाढली, बागायत आली, काटेरी तार आणि सिमेंटचे खांब बाजारात मिळू लागले. दर वर्षी वई घालायला माणसे कुठून आणायची? तेव्हा शहादा-नंदुरबारच्या काळ्या जमिनीपुरते कायद्याला जबाबदार धरता येणार नाही. डोंगरात मात्र धरता येते, आणि त्याचा सर्वात कठोर पुरावा सरदार सरोवराच्या विस्थापनात आहे. महाराष्ट्रातली ३३ गावे या धरणाखाली आली, सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली त्यांतले पहिले. बरीच कुटुंबे तळोद्याच्या सपाटीवर, सोमावल आणि रोझव्यासारख्या वसाहतींत आली. माणसे तीच, चार महिन्यांचा पाऊस तोच. पण घरे ओळीत मांडलेली आणि बांबूचे बेट दूर राहिलेले. कुडाला लागणारा बांबू आता उतारावरून आणायचा नव्हता, विकत घ्यायचा होता. विकत घेतलेली वस्तू माणूस दोन वर्षांत चुलीत घालत नाही. ती जपतो, रंगवतो, आणि शेवाळ आले की धुतो.

इथे यंत्राचा प्रवेश होतो. जर्मनीच्या केर्चर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचे उच्च दाबाचे यंत्र बनवले, आणि हाताने सहज उचलून नेता येईल असे घरगुती यंत्र १९८४ मध्ये आणले. गाडीच्या पत्र्यावरचा चिखल काढायला हा झोत उत्तम. लाकडावर तोच झोत पृष्ठभाग सोलतो, मऊ तंतू उपटतो, सागाच्या अंगचे तेल घालवतो आणि ओल आत शिरायला वाट करून देतो. शेवाळ बाहेरचे असते, कूज आतली. लाकडात पाण्याचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिले की कुजवणारी बुरशी कामाला लागते, म्हणून चुकीच्या वेळी धुतलेले कुंपण स्वच्छ दिसते आणि लवकर कुजते. जुलै-ऑगस्टमध्ये तर हात लावूच नये, कारण वाळायला ऊनच नाही. ऑक्टोबरचे कडक ऊन ही इथली खरी सोय. तेव्हा आधी साबणाचे पाणी लावून नरम ब्रशने शेवाळ सोडवावे. मग दाब सुमारे ७० बारच्या आत ठेवून, पंख्यासारखा पसरणारा नोझल किमान फूटभर लांब धरून, तंतूंच्या दिशेने झोत फिरवावा. एका रेघेत सुटणारा झोत लाकडाला नको आणि माणसाच्या अंगावर तर कधीच नको; त्याने कातडीखाली पाणी शिरते आणि जखम बाहेरून दिसते त्याहून खोल असते. ओल्या अंगणात वायर टाकण्याआधी घरात गळती-प्रवाह तोडणारा स्विच आहे ना, ते पाहावे. धुतलेले लाकूड दोन-तीन दिवस पूर्ण वाळल्यावरच तेल लावावे. बांबूच्या कुडाला मात्र हे यंत्र लावूच नये. त्याच्या सालीवरचा चकचकीत थर हेच त्याचे कवच आहे.

राहिला प्रश्न जुन्या रीतीचा. ती परत येणार नाही, असे सांगणारे लोक एक गोष्ट विसरतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले, आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखा ग्रामसभेने २०११ मध्ये बांबूचे वाहतूक पास स्वतः देण्याचा हक्क मिळवून तो वापरून दाखवला. नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने वन कायद्याच्या झाडाच्या व्याख्येतून बांबू काढला. स्वतःच्या जमिनीतला बांबू तोडायला आणि न्यायला आता केंद्राच्या त्या कायद्याचा परवाना लागत नाही. ज्यांचे कुंपण सागाचे किंवा फळ्यांचे आहे त्यांनी ते ऑक्टोबरात बेताने धुवावे. ज्यांना नवे घालायचे आहे त्यांनी आधी बांधावर मानवेलीची चार बेटे लावावीत.