पदवी आणि पदवीपूर्तीच्या अटी : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्टा

विद्यापीठाने आखलेला अभ्यासक्रम, उपस्थिती, सत्रकाम, परीक्षा आणि श्रेयांक यांची पूर्तता केल्यावर विद्यार्थ्याला मिळणारी पहिली पदवी आणि ती मिळण्याच्या अटी. पिंपरी-चिंचवड, तळेगाव, आळंदी, चाकण व राजगुरुनगर येथील बहुतेक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे या पट्ट्यात ‘पदवीचे नियम’ म्हणजे मुख्यतः त्या विद्यापीठाचे नियम. स्वायत्त महाविद्यालये, पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील हे अभिमत विद्यापीठ आणि मावळातील साते येथील पिंपरी चिंचवड विद्यापीठ हे खाजगी विद्यापीठ यांचे नियम तपशिलात वेगळे आहेत.

पूर्वपीठिका

पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झाले, डॉ. मु. रा. जयकर हे पहिले कुलगुरू. त्याआधी पुण्यातील महाविद्यालयांना पदवी मुंबई विद्यापीठाची (स्थापना १८५७) मिळे. त्या विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या बी. ए. तुकडीत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे असे चारच जण होते. आज निगडीच्या एका महाविद्यालयाच्या एका शाखेतील एका बाकावरसुद्धा तितके बसत असतील. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ मध्ये देण्यात आले.

कारखाने आधी आले, पदवी देणारी महाविद्यालये मागाहून. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली, पुढच्या दशकात टेल्को आली. त्या काळात कारखान्यात ‘ग्रॅज्युएट’ असे तो बहुधा पुण्यातून किंवा बाहेरगावाहून आलेला. पाळीत काम करणाऱ्याला पदवी घ्यायची तर बहिस्थ विद्यार्थी म्हणून बी. ए. किंवा बी. कॉम.ला नाव नोंदवायचे, हा मार्ग. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झाल्यावर तो मार्ग रुंद झाला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटले. पिंपरी चिंचवड एज्युकेशन ट्रस्टची स्थापना १९९० ची. निगडीचे त्यांचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आळंदीची एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग ही दोन्ही १९९९ ची. चाकणला मोठे वाहन कारखाने आले तेही याच सुमारास व पुढच्या दशकात.

अभियांत्रिकी पदवी (बी. ई.)

मुदत चार वर्षे, आठ सत्रे. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो; आयटीआय, मग पॉलिटेक्निक, मग ‘डायरेक्ट सेकंड इयर’ ही चढण या पट्ट्यातील कामगार-कुटुंबांत चांगलीच रुळलेली आहे.

नियमांची चौकट साधारण दर तीन ते पाच वर्षांनी बदलते आणि तिला ‘पॅटर्न’ म्हणतात : २००३, २००८, २०१२, २०१५, २०१९, २०२४. माजी विद्यार्थी एकमेकांना बॅच विचारण्याआधी पॅटर्न विचारतात, आणि त्याला कारण आहे. २०१२ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या दोन वर्षांना निम्मे गुण संगणकावरील बहुपर्यायी परीक्षेला होते. २०१९ च्या पॅटर्नमध्ये सत्रमध्य परीक्षा ३० गुणांची आणि सत्रान्त परीक्षा ७० गुणांची झाली. जुन्या पॅटर्नचा विषय राहिला असेल आणि तो विषयच नव्या पॅटर्नमध्ये उरला नसेल, तर समकक्ष विषय कोणता हे ठरवण्यात परीक्षा विभागाचा बराच वेळ जातो.

२०१९ च्या पॅटर्ननुसार पदवीसाठी एकूण १७० श्रेयांक लागतात : पहिल्या दोन वर्षांत प्रत्येकी ४४, तिसऱ्यात ४२, चौथ्यात ४०. ‘ऑनर्स’ हवे असल्यास त्यावर २० श्रेयांक जादा. अंतिम सरासरी दशमान श्रेणीत देतात; ७.७५ व त्यापुढे विशेष प्रावीण्यासह प्रथम वर्ग, ६.७५ पासून प्रथम वर्ग. श्रेणी-पद्धतीने गुणांची टक्केवारी मोडीत निघेल अशी अपेक्षा होती. ती फोल ठरली. कॅम्पस मुलाखतीच्या अर्जात टक्क्यांचा रकाना कायम आहे.

सत्रकाम व टर्म ग्रँट. लेखी परीक्षेचा अर्ज भरण्याआधी महाविद्यालयाने ‘टर्म ग्रँट’ करावी लागते. त्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आणि प्रयोगवह्या, असाइनमेंट, ड्रॉइंग शीट यांचे सबमिशन आवश्यक. उपस्थितीचा नियम कागदावर कडक आहे. अंमलबजावणी महाविद्यालयागणिक आणि महिन्यागणिक बदलते. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सची दुकाने मध्यरात्रीपर्यंत उघडी राहतात. काचेखाली दिवा लावून मित्राची ड्रॉइंग शीट हुबेहूब उतरवण्याला ‘जीटी मारणे’ म्हणतात (ग्लास ट्रेसिंगचे लघुरूप). अभियांत्रिकी आलेखनाचा हेतू पाहता ही पद्धत अर्थातच अमान्य आहे, पण तिचा उल्लेख न करता सत्रकामाची नोंद पुरी होणार नाही. सत्राच्या शेवटी बाहेरचा परीक्षक तोंडी परीक्षा घेतो. त्याला सगळे ‘एक्स्टर्नल’ म्हणतात आणि त्याच्या स्वभावाची बातमी तो येण्याआधीच येते.

एटीकेटी. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसण्याची ही सवलत. पहिल्या वर्षाचे निम्मे श्रेयांक मिळाले तर दुसऱ्या वर्षात जाता येते. तिसऱ्यात जाण्यासाठी मात्र पहिले वर्ष पूर्ण सुटलेले आणि दुसऱ्याचे निम्मे श्रेयांक मिळालेले हवेत. चौथ्याला हाच हिशेब एक वर्ष पुढे सरकवून लागतो. म्हणजे पहिल्या वर्षाचा एखादा राहिलेला विषय दुसरे वर्ष संपताना अचानक आडवा येतो. ज्याचे वर्ष थांबले तो ‘वायडी’. दुसऱ्या वर्षाच्या गणिताने (‘एम-थ्री’) या गटात किती भर घातली याबद्दल कोणत्याही महाविद्यालयाच्या कट्ट्यावर दुमत नाही. निकालानंतर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवून पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. त्याचा निकाल यायच्या आतच पुढच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची वेळ येते, म्हणून सावध विद्यार्थी दोन्हीकडे शुल्क भरतो.

नियमांत नसलेली एक अट मात्र इथे सगळ्यांना पाठ आहे : दहावी, बारावी किंवा पदविका आणि पदवी, सगळीकडे ६० टक्के आणि एकही ‘लाइव्ह बॅकलॉग’ (न सुटलेला विषय) नाही. ही कारखान्यांची व आयटी कंपन्यांची अट. विद्यापीठ सुटलेल्या विषयाला सुटलेलाच मानते. कंपनी कधीकधी तो किती वेळा दिला तेही विचारते. पदवीधर ‘जीईटी’ (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून आणि पदविकाधारक ‘डीईटी’ (डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी) म्हणून लागतो. दोघे एकाच लाइनवर उभे असले तरी पगाराची पायरी वेगळी असते.

अंतिम वर्षाची परीक्षा, २०२०

करोनाच्या साथीत अंतिम परीक्षेशिवाय पदवी देता येते का, हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याची भूमिका घेतली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत त्या घ्याव्यात असे सांगितले. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली : आपत्ती व्यवस्थापनाच्या अधिकारात राज्य परीक्षा पुढे ढकलण्याची विनंती करू शकते, पण अंतिम परीक्षा न घेता विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करू शकत नाही. पुणे विद्यापीठाने ऑक्टोबरमध्ये बहुपर्यायी परीक्षा घेतली. त्या तुकडीच्या गुणांविषयी पुढे मतमतांतरे झाली.

कला, वाणिज्य व विज्ञान

आकुर्डीचे प्रा. रामकृष्ण मोरे महाविद्यालय, सांगवीचे बाबूरावजी घोलप महाविद्यालय, तळेगावचे इंद्रायणी महाविद्यालय, राजगुरुनगरचे हुतात्मा राजगुरू महाविद्यालय ही या शाखांची परिचित केंद्रे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याने एप्रिल २०२३ मध्ये नवी श्रेयांक-रचना जाहीर केली. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक. पहिल्या वर्षानंतर ४० ते ४४ श्रेयांकांवर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर ८० ते ८८ वर पदविका घेऊन बाहेर पडता येते. दोन्ही वेळा कौशल्य-विषयाचे किंवा इंटर्नशिपचे चार श्रेयांक वेगळे कमवावे लागतात. संशोधनासह ऑनर्स हवे असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण. मिळालेले श्रेयांक २०२१ पासून सुरू झालेल्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात.

पूर्वी वर्षाअखेरच्या एका परीक्षेवर बी. ए. सुटत असे. आता मुख्य विषय, गौण विषय, मुक्त निवड, कौशल्य, भारतीय ज्ञानप्रणाली, मूल्यशिक्षण अशा खणांत श्रेयांक मोजून भरावे लागतात. प्राध्यापकांचा निम्मा वेळ विद्यार्थ्याला खण समजावण्यात जातो.

नव्या रचनेतील ‘ओजेटी’, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण, या पट्ट्याच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय. चार श्रेयांकांसाठी साधारण १२० तास, म्हणजे आठ तासांच्या पंधरा पाळ्या. बी. कॉम.चा विद्यार्थी भोसरीतील लघुउद्योगाच्या हिशेबखात्यात किंवा करसल्लागाराकडे हे तास भरतो. बी. एस्सी.चा विद्यार्थी औषधकंपनीच्या किंवा फौंड्रीच्या प्रयोगशाळेत जागा शोधतो. बी. ए.च्या विद्यार्थ्याला जागा मिळवणे अवघड जाते; ग्रंथालय, शाळा, स्वयंसेवी संस्था, स्थानिक वृत्तपत्र असे पर्याय काढावे लागतात. अनेक घरांत आधीच अर्धवेळ नोकरी करणारा विद्यार्थी असतो. त्याच नोकरीचे तास ओजेटीत धरायचे का, याचा निर्णय महाविद्यालये आपापल्या पातळीवर घेतात.

पर्यावरण

सर्व शाखांना अनिवार्य. उगम एम. सी. मेहता खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशात.

वैद्यकीय

एम. बी. बी. एस. साडेचार वर्षे व त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता.

पदवी प्रमाणपत्र

अंतिम निकाल लागला तरी पदवी हाती येत नाही. गुणपत्रक आणि उत्तीर्ण प्रमाणपत्र आधी मिळते. पदवी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करून शुल्क भरावे लागते आणि ते पदवीप्रदान समारंभानंतर दिले जाते. नोकरीला लागलेले अनेक जण हा अर्ज करायचा राहू देतात आणि परदेशी जायची वेळ आली, की ट्रान्सक्रिप्टसकट सगळ्यासाठी गणेशखिंडीत, विद्यापीठात, रांग लावतात.