सार्वजनिक प्रांगण : गुरुकुंज मोझरी व चंडीगढ

गुरुकुंज मोझरी हे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातील, अमरावती–नागपूर महामार्गावरचे आश्रमस्थान. संत तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) ते १९३५ मध्ये स्थापिले. जातिपंथभेद न मानता एकत्र बसून करावयाची सामुदायिक प्रार्थना हा येथील नित्यक्रमाचा गाभा होय. साहजिकच बैठकीची मोकळी जागा येथे वास्तूपेक्षा महत्त्वाची ठरली.

महाराजांची ग्रामगीता १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी चंडीगढ येथे ल कॉर्ब्यूझ्येने रचिलेल्या उच्च न्यायालयाच्या वास्तूचे उद्‌घाटन झाले. गिलावा न देता, साच्याच्या फळ्यांचे ठसे तसेच राखलेल्या काँक्रीटची ही शैली ‘ब्रूटॅलिझम’ म्हणून ओळखली जाते. न्यायालय व विधानसभा यांमधील विस्तीर्ण फरसबंद पटांगण नागरिकांसाठी कल्पिले होते. पण तेथे सावली नाही, बाजार व वस्ती दूर, आणि नियोजित राज्यपालभवन झालेच नाही. वास्तू थोर, पटांगण मात्र ओस, असे तेथे घडले. ३१ ऑगस्ट १९९५ रोजी सचिवालयाबाहेर मुख्यमंत्री बिआंतसिंग यांची हत्या झाली व प्रवेशावर कडक निर्बंध आले. २०१६ मध्ये हे संकुल जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

मोझरीच्या प्रांगणाला अशी कीर्ती नाही. तेथे माणसे येतात ती ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कार्यासाठी. महाराजांच्या निर्वाणानंतर (११ ऑक्टोबर १९६८) दरवर्षी आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास पुण्यतिथी महोत्सव भरतो. वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतून आलेला प्रचंड समुदाय समाधीसमोर मौन श्रद्धांजलीसाठी उभा राहतो.