तुना बी डोया उघडाच व्हतात ना?

परवा धुळ्याला गेलो होतो. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होतो, तर पलीकडच्या शाळेतून प्रार्थना ऐकू आली. साने गुरुजींची 'खरा तो एकचि धर्म'. शब्द आपोआप ओठांवर आले, आणि त्यांच्या मागोमाग चौथीतली एक गोष्ट आठवली. ती सांगायला आजही जरा लाजच वाटते.

मी वर्गाचा मॉनिटर होतो. प्रार्थनेला हात जोडायचे, डोळे मिटायचे, हा शाळेचा नियम. वर्गातला एक मुलगा रांगेत अगदी नीट उभा राहायचा. गडबड नाही, खोडी नाही. पण डोळे उघडे आणि ओठ मिटलेले. एके दिवशी मी बाईंना त्याचं नाव सांगितलं. त्याला दोन छड्या बसल्या. मधल्या सुट्टीत तो मला एवढंच म्हणाला, "तुना बी डोया उघडाच व्हतात ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही प्रार्थना लिहिणारे साने गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे, पण १९२४ ते १९३० ते आमच्या खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते न बोलता स्वतः आवरायचे, असं सांगतात. मग मुलं शरमून आपणहून आवरायला लागली. नियम नाही, छडी नाही.

१९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि विनोबाही तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ते सगळं लिहून घेतलं म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हातात आहे. मला यात एक गोष्ट फार मोठी वाटते. तुरुंगात माणसावर सगळ्याच गोष्टींची सक्ती असते. पण प्रवचन ऐकणं हा काही कोणाच्या शिक्षेचा भाग नव्हता. आणि आमच्या शाळेत? शाळा तुरुंग नव्हती, पण प्रार्थनेला छडी होती!

पुढे विनोबांनी सामूहिक प्रार्थना मौनाचीच केली. सगळ्या धर्मांची माणसं एकत्र बसायची, तर शब्द ज्याचे त्याने मनात म्हणावेत. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. दार उघडावं म्हणून. कोणाला आत ढकलावं म्हणून नव्हे.

आपल्या घटनेचं कलम २८ तरी वेगळं काय सांगतं? संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला कोणाला संमतीशिवाय बसवायचं नाही, आणि मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती हवी. माझ्या वडिलांना कोणी कधी विचारल्याचं आठवत नाही. त्याच्याही वडिलांना विचारलं नसणार.

केरळात तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. आपल्या नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. केंद्रीय विद्यालयांमधल्या प्रार्थनेचा प्रश्न २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या खंडपीठाकडे सोपवला.

काहीजण म्हणतील, साने गुरुजींची प्रार्थना तर सगळ्यांवर प्रेम करायला सांगते, तिला कोणाचा विरोध असणार? मलाही ती आवडते. म्हणूनच तर खुपतं. प्रेमाची प्रार्थना म्हटली नाही म्हणून एका मुलाला मार बसला, आणि तो मी खाऊ घातला. 'ऐच्छिक' हा शब्द कागदावर सोपा आहे. शंभर मुलं हात जोडून उभी असताना नऊ वर्षांच्या पोराला कसली इच्छा असणार! त्याला नुसतं उभं राहू देणं, एवढं तरी मोठ्यांना जमायला हवं. आणि मॉनिटरलाही.

असो. तो मित्र आता सुरतेला असतो. मागच्या खेपेला त्याच्या भावाकडून नंबर घेतलाय.

अजून लावलेला नाही.