कासवाच्या कवचाचे पापुद्रे निघतायत? आधी दिवा तपासा!

एरवी आपण इथे मोबाइल आणि ॲप्सबद्दल बोलतो. आजचा विषय कासव आहे, पण गाडी शेवटी दिवा आणि सेन्सरवरच येते.

डोंबिवलीत आमच्या घरी रेड-इअर्ड स्लायडर आहे, म्हणजे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं पाण्यातलं कासव. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पाठीवरचे पापुद्रे अर्धवट सुटून तसेच चिकटून राहिले. आई म्हणाली, खोबरेल तेल लाव. मी तेल लावलं, वर नखाने एक पापुद्रा ओढलाही. दोन्ही चुका!

पापुद्रे का निघतात?

कासवाच्या फासळ्या आणि मणके कवचालाच जोडलेले असतात. या हाडांवर केराटिनचे पत्रे असतात. आपली नखंही केराटिनचीच. या पत्र्यांना स्क्यूट म्हणतात. स्लायडरच्या पाठीवर ते साधारण ३८ असतात. कासव वाढतं तसा खाली मोठा पत्रा तयार होतो आणि वरचा जुना सुटतो. साप कात टाकतो तसंच, फक्त एकेक तुकडा. जमिनीवरच्या कासवांचे पत्रे मात्र सहसा असे सुटत नाहीत.

नॉर्मल की आजार?

- नॉर्मल: पापुद्रा पातळ, अर्धपारदर्शक, आपोआप सुटणारा, खालचं कवच कडक.
- काळजीचं: एकावर एक साचलेले थर.
- लगेच डॉक्टर: खड्डे, दुर्गंधी, गुलाबी डाग, रक्त किंवा मोठ्या कासवाचं कवच दाबल्यावर मऊ लागणं. सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्यच गाठा.

ओढून काढलेल्या पत्र्याखाली जखम होऊन जंतुसंसर्ग होऊ शकतो. तेलाने पत्रे सुटत नाहीत, उलट पाणी खराब होतं.

खरा बग कुठे होता?

मी टँक काचेच्या खिडकीजवळ ठेवला होता. वर पांढरा एलईडी. उजेड भरपूर, त्यामुळे सगळं ठीक वाटत होतं. पण कासवाला लागतात यूव्हीबी किरणं, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरची. त्यांच्यामुळे शरीरात डी३ जीवनसत्त्व तयार होतं आणि कॅल्शियम हाडात जातं. खिडकीची काच ही किरणं जवळपास पूर्ण अडवते आणि साध्या एलईडीत ती नसतात. सर्व्हरचा हिरवा दिवा चालू, पण सर्व्हिस बंद, असा प्रकार!

मग इएसपी३२ बोर्डाला दोन डीएस१८बी२० सेन्सर जोडले: एक पाण्यात, एक बसायच्या दगडावर. पाणी २७ अंश, दगड २८. म्हणजे वर येऊन अंग शेकायला कासवाला कारणच नव्हतं. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय पत्रे नीट सुटत नाहीत.

काय बदललं?

- दगडावर उष्णतेचा दिवा, तापमान ३० ते ३२ अंश.
- सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा, मध्ये काच न ठेवता. उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी घटत जातं, म्हणून उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदलायचा. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा हाच आधार.
- क्लोरीन काढलेलं पाणी, चांगला फिल्टर आणि कॅल्शियमसाठी कटलबोन, म्हणजे समुद्रफेन.

काही आठवड्यांत पापुद्रे आपोआप पाण्यात तरंगू लागले.

कंटाळा आला म्हणून तलावात सोडू नका

उपवन असो की मासुंदा, स्लायडर तिथे सोडायचा नाही. हा मूळचा अमेरिकेचा, जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. आपल्या तलावांत देशी फ्लॅपशेल कासवं राहतात. त्यांच्या पाठीवर पत्र्यांऐवजी कातडी असते. जानेवारी २०२२ मध्ये कल्याणच्या गौरीपाडा तलावात अशी अनेक कासवं मेलेली सापडली होती. त्यांच्यापुढे आधीच कमी संकटं नाहीत.

फ्लॅपशेल किंवा स्टार कासव घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. जखमी देशी कासव दिसलं, तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

तर आज घरी गेल्यावर आधी दिव्याचं खोकं शोधा. त्यावर यूव्हीबी लिहिलंय का बघा. नसेल, तर तुमचा बग तिथेच असण्याची शक्यता मोठी आहे.