वैशाखातला पाऊस आणि गॅलरीतली बाग

थंड देशांतील बागायतदाराला जानेवारीतल्या बर्फाची फारशी धास्ती नसते. त्याला धास्ती असते ती वसंतात अवचित येणाऱ्या हिमाची. हिवाळ्यात झाड सुप्तावस्थेत असते. कळ्या मिटलेल्या असतात आणि पेशींतील शर्करेचे प्रमाण वाढून त्या थंडी सोसण्यास सिद्ध झालेल्या असतात. एकदा ऊब मिळून अंकुर फुटले, की ही सिद्धता संपते. 2021 साली फ्रान्समध्ये मार्चअखेरीस चांगलेच ऊन पडले, द्राक्षवेली आणि फळझाडे फुटली आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात कडाक्याचे हिम पडले. मळ्यांतून रात्रभर शेकोट्या पेटवूनही कोवळ्या फुटव्याची प्रचंड हानी झाली. तेवढीच थंडी जानेवारीत पडती, तर त्या वेलींना तिने फारसे काही केले नसते.

आपल्या मुंबईत हिम पडत नाही. परंतु अवेळी येणाऱ्या हवामानाचा हा धडा दादर-परळच्या मधोमध असलेल्या हिंदमाता परिसरातही शिकता येतो. त्याच 2021 साली, फ्रान्समधील हिमानंतर जेमतेम सहा आठवड्यांनी, 17 मे रोजी ‘तौक्ते’ हे चक्रीवादळ मुंबईच्या पश्चिमेकडून समुद्रातून गुजरातकडे गेले. चोवीस तासांत सांताक्रूझ येथे 230 मिलिमीटर, तर कुलाब्याला 207 मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी 114 किलोमीटरपर्यंत पोहोचला. बशीसारख्या सखल हिंदमाता भागात पाणी साचणे मुंबईकरांना नवे नाही. नवे होते ते वैशाखात साचणे. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 11 जूनच्या सुमारास येतो.

अशी घटना पूर्वी घडली होती काय? येथे 1826 साली स्थापन झालेली कुलाब्याची वेधशाळा आपल्या मदतीला येते. तिच्या नोंदींनुसार 1918 च्या मे महिन्यात कुलाब्याला 279.4 मिलिमीटर पाऊस पडला होता. हा उच्चांक 107 वर्षे टिकला. 2025 साली मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत दाखल झाला, हिंदमाता पुन्हा पाण्याखाली गेले आणि त्या मे महिन्याची कुलाब्याची बेरीज 295 मिलिमीटर भरली. पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. 1918 चा पावसाळा देशभर अत्यंत अपुरा ठरला. सरासरीपेक्षा सुमारे एक चतुर्थांश पाऊस कमी पडला. उलट 2025 च्या पावसाळ्यात देशात सरासरीच्या 108 टक्के पाऊस झाला. तेव्हा मे महिन्यातील पावसावरून पुढील हंगामाचा अंदाज बांधता येत नाही, हे इतिहासच सांगतो.

आता गिरणगावातील चाळीच्या गॅलरीत येऊ. येथली बाग म्हणजे तेलाच्या डब्यातली तुळस, कुंडीतला मोगरा, ओवा, कोरफड, जागा असेल तर गवती चहा. वैशाखात या बागेची तयारी उन्हाळ्याची असते. कुंड्यांतील माती वाळून आकसते, कडेला फट पडते. मोगरा ऐन बहरात असतो. कुंडीखालची बशी पाणी टिकावे म्हणून मुद्दाम ठेवलेली असते. कुंडीची भोके मोकळी करणे, माती बदलणे ही कामे माणसे मृगाच्या बेताने करतात. तौक्तेसारखा पाऊस या साऱ्याला तयारीपूर्वीच गाठतो.

सुरुवातीचे पाणी कोरड्या मातीत न मुरता कडेच्या फटीतून वाहून जाते. नंतर माती फुगते, फट बुजते, भोके गाळाने बंद होतात आणि कुंडीत पाणी साठते. मातीच्या कणांमधील हवेची जागा पाणी घेते. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. मुळांनाही श्वसन करावे लागते. त्यांना प्राणवायू मिळेनासा झाला, की त्यांची पाणी शोषण्याची क्षमताच घटते. म्हणून भिजलेल्या कुंडीतले झाड तहानल्यासारखे माना टाकते. नेमके याच वेळी पुष्कळदा आपण त्याला आणखी पाणी घालतो! पुढे खालची पाने पिवळी पडतात आणि बुरशीमुळे मुळे कुजू लागतात. तुळस आणि कोरफड यांना हे लवकर बाधते. अळू आणि कर्दळ मात्र ओल सहज सोसतात. मोगऱ्याच्या कळ्या आणि फुले पावसाच्या माऱ्याने झडतात, उरलेल्या पाकळ्या तपकिरी होतात.

अशा वेळी करावयाचे उपाय साधे आहेत. बशा काढाव्यात, भोके काडीने मोकळी करावीत, कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवावी आणि वरची माती सुकेपर्यंत पाणी देऊ नये. खतही लगेच घालू नये. दुखावलेली मुळे ते घेऊ शकत नाहीत. तळमजल्यावरील कुंड्या साचलेल्या पाण्यात बुडाल्या असतील, तर त्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळलेले असते हे ध्यानात ठेवावे. त्या कुंडीतील ओव्याची वा तुळशीची पाने खाऊ नयेत.

शाळेत यावर एक प्रयोग करता येईल. सारख्या आकाराच्या दोन कुंड्यांत झेंडूची रोपे लावावीत. एका कुंडीची भोके मेणाने बुजवून तिच्यात मातीच्या वर बोटभर पाणी ठेवावे. दुसरीला नेहमीप्रमाणे पाणी द्यावे. कोणते रोप केव्हा मलूल होते याची विद्यार्थ्यांनी रोज नोंद करावी. त्याच वहीत गच्चीवर ठेवलेल्या सरळ भिंतींच्या डब्यात पडलेला पाऊस मिलिमीटरमध्ये मोजून लिहावा आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवशी घरची कोणती झाडे फुलावर होती तेही लिहावे. कुलाब्याच्या नोंदवहीत पावसाचा आकडा सापडतो, पण 1918 च्या मे महिन्यात परळच्या एखाद्या कुंडीतल्या मोगऱ्याचे काय झाले ते तिच्यात सापडत नाही. तो रकाना आपल्या विद्यार्थ्यांनी भरावयाचा आहे.